शंभरांतला एक रुपया
(जालन्याच्या माननीय जिल्हाधिकाऱ्यांस अनावृत पत्र)

माननीय जिल्हाधिकारी, जालना, यांसी


आपल्या कचेरीच्या टपालात रोज जे अर्ज येऊन पडतात त्यांत कोणाचा सातबाऱ्यावरील फेरफार अडलेला असतो, कोणाची पीकविम्याची रक्कम जमा झालेली नसते, कोठे टँकर हवा असतो, कोठे पाणंद रस्ता शेजाऱ्याने नांगरून टाकलेला असतो. आणि अशा जीवनमरणाच्या कागदांमध्ये एखाद्या चित्रकारासंबंधीचे पत्र सापडले, तर अव्वल कारकुनाने ते ‘संकीर्ण’ म्हणून निराळे ठेवावे व यथावकाश विसरून जावे, यात त्या बिचाऱ्याचा दोष आहे असे मला वाटत नाही. म्हणूनच हे पत्र लिफाफ्यात न घालता सर्वांसमक्ष लिहीत आहे. ज्या विषयाला दप्तरात रकाना नाही त्या विषयाला निदान वाचकांची साक्ष असावी, एवढाच त्यातील हेतू.

विषय आहे वासुदेव संतू गायतोंडे यांचा. २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपुरास जन्मलेल्या, मूळच्या गोमंतकीय घराण्यातील आणि गिरगावच्या चाळीत वाढलेल्या या चित्रकाराची जन्मशताब्दी नुकतीच उलटली. आमच्या बाजूच्या शाळांत तिचा उच्चार झालेला मी तरी ऐकला नाही. त्यांचे नाव आमच्याकडे पोहोचले ते वर्तमानपत्राच्या व्यापारविषयक पानावरून. २०१३ च्या डिसेंबरात मुंबईस झालेल्या एका लिलावात त्यांचे १९७९ सालचे एक चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांस गेले, आणि २०२५ च्या सप्टेंबरात दिल्लीच्या लिलावात त्यांच्या १९७० सालच्या चित्रास ६७ कोटींच्या वर किंमत आली. मोंढ्यातील माझ्या एका व्यापारी स्नेह्याने ही दुसरी बातमी मला वाचून दाखविली, सोबत छापलेले चित्र डोळ्यांजवळ नेले, मग हातभर दूर धरले, आणि विचारले, “मास्तर, यात आहे तरी काय?”

त्या प्रश्नात उपहास नव्हता. भाव समजलेल्या माणसाने मालाविषयी केलेली ती सरळ चौकशी होती, आणि तिचे उत्तर देण्यास वर्तमानपत्रातील पोस्टाच्या तिकिटाएवढ्या छायाचित्राशिवाय दुसरे साधन माझ्यापाशी नव्हते. आपणांस पत्र लिहिण्याचे खरे कारण तेच आहे. परंतु मागणी मांडण्यापूर्वी ज्याच्या नावाने मागावयाचे तो माणूस कोण होता, हे थोडे विस्ताराने सांगण्याची परवानगी असावी.

घटनांच्या हिशेबाने पाहिले तर गायतोंडे यांचे चरित्र एका पृष्ठात आटोपते. घरच्यांच्या नापसंतीस न जुमानता त्यांनी मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिक्षण घेतले आणि १९४८ साली तेथील पदविका संपादन केली. आरंभीच्या त्यांच्या चित्रांत माणसे आहेत. जैन पोथीचित्रांतील आणि पहाडी लघुचित्रांतील धीट सपाट रंगांचा व नेमक्या रेषेचा संस्कार त्यांवर स्पष्ट दिसतो. मग पॉल क्ले या स्विस चित्रकाराच्या चित्रांचा सहवास घडला, ती माणसे हळूहळू विरघळू लागली, आणि पन्नासचे दशक सरत आले तेव्हा त्यांच्या फलकावर रंग, पोत आणि प्रकाश एवढीच सामग्री उरली. सूझा, रझा, हुसेन, आरा, बाकरे आणि गाडे या सहा जणांनी १९४७ साली स्थापिलेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी त्यांचा पुढे संबंध आला खरा, पण मंडळात राहूनही मंडळाचा होणे हे त्यांच्या प्रकृतीत नव्हते. १९५७ साली तोक्यो येथे तरुण आशियाई चित्रकारांसाठीचे पारितोषिक, १९६४ साली रॉकफेलर पाठ्यवृत्तीवर न्यूयॉर्कचा प्रवास, १९७१ साली पद्मश्री, १९७२ साली मुंबई सोडून दिल्लीस कायमचे वास्तव्य, पुढे मध्य प्रदेश शासनाचा कालिदास सन्मान, आणि १० ऑगस्ट २००१ रोजी मृत्यू: एवढ्या नोंदी केल्या की सेवापुस्तिका पूर्ण झाली.

या नोंदींच्या मधल्या मोकळ्या जागेत मात्र एक असे आयुष्य आहे की ज्याचा हेवाही वाटावा आणि भीतीही वाटावी. त्यांनी लग्न केले नाही, शिष्यसंप्रदाय जमविला नाही, कलेविषयीची व्याख्याने दिली नाहीत, आणि आपल्या चित्रांचा अर्थ सांगण्याचे काम तर कटाक्षाने टाळले. इतके की कालांतराने चित्रांना नावे देण्याचेही सोडले. दिल्लीतील निजामुद्दीन भागात गच्चीवरच्या लहानशा जागेत ते राहत आणि तेथेच चित्रे काढीत. संगीत ऐकणे, वाचणे आणि पुष्कळ वेळ नुसते बसून राहणे हा त्यांचा दिनक्रम. झेन पंथाचे वाङ्मय, रमण महर्षी, जे. कृष्णमूर्ती आणि ज्यांनी खेतवाडीत विड्यांचे दुकान चालवीत जिज्ञासूंशी आत्मविचाराच्या गोष्टी केल्या ते निसर्गदत्त महाराज, यांच्या विचारांकडे त्यांचा ओढा होता. वर्षाकाठी पाचसहा चित्रे झाली तर ती त्यांच्या लेखी पुरेशी होती. १९८४ साली रिक्षाच्या अपघातात जबर दुखापत होऊन मोठ्या फलकासमोर उभे राहणे अशक्य झाले, तेव्हा ते कागदावर शाईने लहान लहान रेखाटने करीत राहिले, आणि शरीराने साथ दिली तेव्हा पुन्हा फलकाकडे वळले. या सर्व काळात बाजाराने त्यांच्यावर कृपा केली नाही; आज ज्या आकड्यांनी वर्तमानपत्रांचे रकाने भरतात ते बहुतेक सर्व त्यांच्या मरणानंतरचे आहेत, आणि त्यांतील एक छदामही त्यांच्या हाती पडलेला नाही. लिलावातील भावावरून चित्रकाराची थोरवी मोजणाऱ्यांनी ही बाब जमाखर्चाच्या वहीत कोठेतरी टिपून ठेवावी.

त्यांच्या कामाची रीत मात्र सावकाश सांगण्यासारखी आहे, कारण माझ्या व्यापारी स्नेह्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तीत आहे. भिंतीला रंग देणारे कारागीर वापरतात तसला रोलर आणि रंगाची पाती सुरी ही त्यांची मुख्य हत्यारे; कुंचल्याचा मान त्यांच्याकडे दुय्यमच होता. फलकावर रंगाचा एक पातळ पुट चढवावयाचा, तो पुरता वाळण्याच्या आधी वर फाडलेल्या वा कापलेल्या कागदाचे तुकडे ठेवून दाबावयाचे आणि उचलावयाचे, म्हणजे वरचा ओला रंग जागोजागी कागदाबरोबर निघून येतो आणि खालचा दिसू लागतो. मग त्यावर दुसरा पुट, मग सुरीने खरवडणे, मग पुन्हा थांबणे. या थांबण्यात आठवडेच्या आठवडे जात. काय उमटेल हे थोडेफार योगायोगावर सोडलेले असे. परंतु जे उमटले त्यातले काय राखावे आणि काय पुसावे, याचा निर्णय इतका काटेकोर असे की पुऱ्या झालेल्या चित्रात योगायोगाचा मागमूस राहत नाही. जालन्याच्या माणसाला हे समजावे म्हणून एकच दाखला देतो. आपल्या गावी बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली बियाण्यांची कंपनी काढली आणि जालन्याचे नाव देशभर झाले. बियाण्याचे नवे वाण सिद्ध करणारा माणूस हंगामामागून हंगाम हजारो रोपे लावतो, त्यांतील बहुतेक उपटून टाकतो, आणि शेवटी मूठभर दाणे राखून ठेवतो. शेतात उभे राहून पाहणाऱ्याला वाटते, हा मनुष्य काहीच करीत नाही. गायतोंडे यांच्या चित्रशाळेच्या दारात उभे राहणाऱ्यालाही तसेच वाटले असेल.

“यात आहे तरी काय?” या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर शब्दांनी देता येत नाही, आणि हेच तर माझे गाऱ्हाणे आहे. गायतोंडे यांचे मूळ चित्र मी मुंबईस पाहिले आहे. प्रथमदर्शनी एक पिवळसर, धुरकट पृष्ठभाग दिसतो. मनुष्य नाही, झाड नाही, ज्याला धरून चित्रात शिरावे असा काठ नाही. घाईत असलेला माणूस येथूनच परत फिरतो. पण थोडा वेळ थांबले की त्या पिवळ्यात दुसरा पिवळा दिसू लागतो, त्याच्या खाली मातकट, त्याच्या खाली कोठेतरी हिरवट छटा. काही अक्षरांसारख्या पण कोणत्याही लिपीतल्या नसलेल्या खुणा वर तरंगत आहेत की खोल बुडाल्या आहेत हे ठरत नाही. आणि उजेड चित्रावर बाहेरून पडलेला नसून आतूनच झिरपत आहे असा प्रत्यय येतो. आपण एक पाऊल सरकलो की तो उजेडही सरकतो. हे सर्व त्या एकावर एक चढविलेल्या पुटांचे कर्तृत्व आहे, आणि छापील चित्रात ते पूर्णतः नाहीसे होते. चेहरा, घोडा, बैलगाडी असलेले चित्र छापले तरी त्यातला चेहरा चेहराच राहतो. हुसेन यांचा घोडा दिनदर्शिकेवरही धावतो. गायतोंडे छापले की जे उरते त्याला पाहून माझ्या स्नेह्याने विचारला तोच प्रश्न कोणाही शहाण्या माणसाने विचारावा. सतीश नाईक यांनी ‘चिन्ह’ प्रकाशनातर्फे गायतोंडे यांच्यावरील मोठा मराठी ग्रंथ सिद्ध केला, त्याआधी १९८३ साली ज्ञानेश्वर नाडकर्णी यांनी ललित कला अकादमीसाठी त्यांच्यावर पुस्तिका लिहिली होती. ही दोन्ही कामे मोलाची आहेत. परंतु पुस्तक वाचून तृप्ती होते ती चरित्राची. चित्रासमोर उभे राहावेच लागते.

आणि उभे कोठे राहावयाचे? मुंबईस. २०२३ च्या अखेरीपासून वंदे भारत गाडी धावू लागली आणि जालन्याहून मुंबईस जाण्याची सोय पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगली झाली, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. पण मंठ्याच्या किंवा जाफराबादच्या जिल्हा परिषद शाळेतील मुलीने एक चित्र पाहण्यासाठी त्या गाडीचे तिकीट काढावे, ही अपेक्षा करणाऱ्याने मंठा पाहिलेला नसावा. हीच मुलगी दरवर्षी कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन हे सर्व ती निष्ठेने करते. तिच्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीच्या निकालात मिळतात, आणि खरे सांगावयाचे तर पालक त्या गुणांसाठीच तिला बसवितात. या परीक्षांची तयारी करून घेण्यात माझा जन्म गेला. हातात पेन्सिल कशी धरावी हे मी शेकडो मुलांना शिकविले. परंतु ज्या कलेची परीक्षा ही मुले देत होती तिचे एकही अस्सल उदाहरण त्यांच्या दृष्टीस पाडू शकलो नाही. कविता न ऐकता वृत्ताची लक्षणे पाठ करावीत, असलाच हा प्रकार.

आपण म्हणाल, हा जिल्हा स्टीलचा, बियाण्यांचा आणि मोसंबीचा. त्याचा आणि चित्रकलेचा संबंध तो काय? हा आक्षेप मी अनेक वेळा ऐकला आहे, बहुधा जालनेकरांच्याच तोंडून. त्यावर माझे उत्तर भोकरदनहून सुरू होते. सातवाहनांच्या काळी भोगवर्धन या नावाने नांदणाऱ्या या गावातील लोकांची नावे सांची आणि भरहुत येथील स्तूपांवर दात्यांच्या यादीत कोरलेली आहेत. आणि गेल्या शतकात नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा जो भग्न भाग मातीतून वर आला त्याचे साम्य १९३८ साली इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या आणि आता नेपल्सच्या संग्रहालयात असलेल्या सुप्रसिद्ध भारतीय हस्तिदंती मूर्तीशी आहे, असे तज्ज्ञांनी दाखवून दिले. म्हणजे व्हेसुव्हियस पर्वताचा उद्रेक होऊन पाँपेई गाडली गेली त्याच्या आधी या मुलखातील कारागिरांच्या शैलीची मूर्ती रोमन श्रीमंताच्या घरात जाऊन पोहोचली होती. त्या काळी आमच्या माणसांना कोणी विचारले नाही की तुमचा आणि कलेचा संबंध काय.

भोकरदन तालुक्याची हद्द ओलांडली की पलीकडे अजिंठा. तेथल्या चित्रांच्या नकलांची कथा आपणांस ठाऊक असेलच, तरी माझ्या मुद्द्यास ती इतकी लागू आहे की सांगितल्यावाचून राहवत नाही. मेजर रॉबर्ट गिल याने १८४४ पासून कित्येक वर्षे खर्ची घालून लेण्यांतील चित्रांच्या मोठमोठ्या प्रतिकृती केल्या आणि लंडनला पाठविल्या; १८६६ साली क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यांतील बहुतेक भस्मसात झाल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन ते काम पुन्हा केले, ज्या शाळेत पुढे गायतोंडे शिकले त्याच शाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन; आणि त्या प्रतिकृतींपैकीही पुष्कळशा १८८५ साली लंडनमध्येच आगीला बळी पडल्या. नकला दोनदा जळाल्या. अस्सल चित्रे वाघुर नदीच्या काठी, वटवाघळांच्या आणि पावसाच्या तावडीत का होईना, अजून आहेत.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो अधिक वजनदार. ज्या जिल्ह्यात उन्हाळा लागला की पाण्याच्या टँकरची आकडेमोड सुरू होते, जेथे शेतकऱ्याच्या आत्महत्येची फाइल आपल्याच टेबलावरून जाते, तेथे चित्रांसाठी रुपया मागणे हा निर्लज्जपणा आहे, असे कोणी म्हणाल्यास मी त्याच्यावर रागावणार नाही. पण मी दुष्काळाच्या तरतुदीतला पैसा मागत नाही. मी जो मागतो तो इमारतींच्या खर्चातला, आणि त्यास एक दाखला आहे.

स्वातंत्र्यानंतर देश परदेशी गव्हावर कसाबसा दिवस काढीत होता, त्या काळी डॉ. होमी भाभा यांनी मुंबईच्या कुलाब्यास टाटा मूलभूत संशोधन संस्थेची नवी इमारत उभारली; १९६२ च्या जानेवारीत पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. भाभा स्वतः उत्तम चित्रे काढीत. इमारतीच्या खर्चाचा शंभरावा हिस्सा चित्रांवर आणि शिल्पांवर खर्च करण्याची मुभा त्यांनी नेहरूंकडून मिळविली, आणि तो पैसा जुन्या विलायती चित्रांच्या नकलांवर न उधळता आपल्याच देशातील हयात, तरुण, बव्हंशी अप्रसिद्ध चित्रकारांच्या कामावर घातला. तेथील दालनासाठी भित्तिचित्राचे संकल्प मागविण्यात आले. त्यांतून हुसेन यांचा पसंत झाला आणि पंढरपुरास जन्मलेल्या, सिनेमाचे फलक रंगवून पोट भरलेल्या त्या चित्रकाराने सुमारे ४५ फूट लांबीचे ‘भारत भाग्यविधाता’ हे चित्र तेथे सिद्ध केले. त्याच संग्रहात गायतोंडे आहेत. ज्या काळी खासगी ग्राहक त्यांच्या फलकांकडे पाठ फिरवीत होता, त्या काळी अणुविज्ञानाच्या एका सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थेने ती चित्रे विकत घेऊन गणितज्ञ आणि पदार्थवैज्ञानिक रोज ज्या वाटेने चहाला जातात त्या भिंतींवर टांगली. आज त्या संग्रहाचे मोल इमारतीलाही मागे टाकील. पण ते मी येथे मुद्दा म्हणून मांडीत नाही, कारण किमतीच्या मार्गाने गेलो तर पुन्हा लिलावाच्याच पानावर येऊन पोहोचू. मुद्दा एवढाच की एक टक्का काढल्याने अणुसंशोधन अडले नाही.

आपल्या जिल्ह्यात सध्या बांधकामाचा हंगाम आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. रसायन तंत्रज्ञान संस्थेचे संकुल आहे. नगरपालिकेची महानगरपालिका झाली, म्हणजे तिलाही नव्या कचेऱ्या लागणार. तहसील इमारती, ग्रामीण रुग्णालये, शाळांच्या नव्या खोल्या हे तर चालूच असते. या प्रत्येक इमारतीत कोनशिलेसाठी, रोषणाईसाठी, उद्घाटनाच्या मंडपासाठी तरतूद निघतेच. जिल्हा नियोजन समितीचे सदस्य सचिव या नात्याने आपण एक ठराव समितीपुढे ठेवावा, अशी माझी नम्र सूचना आहे: यापुढे जिल्ह्यात सार्वजनिक पैशातून जी मोठी इमारत होईल तिच्या अंदाजपत्रकातील शंभरांतला एक रुपया अस्सल कलाकृतींसाठी राखून ठेवावा. ज्या योजनांना प्रचलित लेखाशीर्षात जागा नसते त्यांच्यासाठी ‘नावीन्यपूर्ण योजना’ ही सोय शासनानेच केलेली आहे. आरंभ तेथून करता येईल.

या एका रुपयात गायतोंडे मिळणार नाहीत, हे मी जाणतो. ६७ कोटींचे चित्र घेण्याची ऐपत आपल्या जिल्ह्याची नाही, आणि असती तरी मी त्याची शिफारस केली नसती. परंतु भाभांनी गायतोंडे घेतले तेव्हा तेही ६७ कोटींचे नव्हते. कला संचालनालयातर्फे दरवर्षी महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शन भरते. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयातून दरवर्षी मराठवाड्याच्या खेड्यांतली मुले पदवी घेऊन बाहेर पडतात. त्यांतील कोणाचे काम पुढे टिकेल हे आज सांगता येणार नाही, पण ते विकत घेण्याजोगे असेल तर आजच घ्यावे लागेल. उसने मागण्याचा मार्गही आहे. एअर इंडियाने अनेक वर्षे जमविलेला चित्रसंग्रह आता राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या हवाली झालेला आहे. सार्वजनिक मालकीची अशी चित्रे ठरावीक मुदतीसाठी, विम्याच्या व पहाऱ्याच्या रीतसर करारावर, जिल्ह्याच्या ठिकाणी आणता येणार नाहीत असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले माझ्या वाचनात नाही. कोंदट नसलेली, ऊन थेट न येणारी, कुलूप नीट लागणारी एक खोली लागेल. ती शोधणे आपल्या अधिकारात आहे.

निवड कोणी करावयाची, हा या सर्व तजविजीतला खरा अडचणीचा भाग. समिती नेमली की तीत कोण शिरते आणि भिंतीवर अखेर काय चढते, हे आपण माझ्यापेक्षा अधिक पाहिले असेल: तैलरंगातले नेत्यांचे चेहरे, काचेआडचा सूर्यास्त आणि देणगीदाराच्या नावाची पितळी पट्टी. त्यावर उपाय म्हणून मी एवढेच सुचवितो की निवडीचा अधिकार चित्रे काढणाऱ्या आणि शिकविणाऱ्या तिघाचौघांकडे द्यावा, त्यांची नावे जाहीर करावीत, आणि त्यांच्या निर्णयात आपल्यासह कोणीही हात घालू नये. चुकीची चित्रे घेतली जातील. जाऊ द्यावीत. हुकुमाने घेतलेल्या बरोबर चित्रांपेक्षा ती मला परवडतील.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. आधुनिक चित्रकला ही मुंबईच्या श्रीमंत घरांतली उपज आहे, असा समज आमच्याकडे दृढ आहे, आणि तो साफ चुकीचा आहे. हुसेन पंढरपूरचे हे वर आलेच. गायतोंडे ज्या पिढीत घडले तिच्यातील थोर शिक्षक शंकर पळशीकर भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीचे. हरी अंबादास गाडे अमरावती जिल्ह्यातले. आयुष्याच्या उत्तरार्धात नॉर्वेत राहून ओस्लोस निवर्तलेले अंबादास खोब्रागडे अकोल्याचे. आणि कृष्णाजी हौळाजी आरा यांचा जन्म तर हैदराबादजवळच्या बोलारमचा, म्हणजे ज्या निजामी राज्यात जालना होता त्याच राज्यातला, आणि जालन्यासारख्याच छावणीच्या गावातला. लहानपणीच ते घर सोडून मुंबईस आले, लोकांच्या घरी कामे केली, मोटारी धुतल्या, आणि त्या कष्टांतून वेळ काढून फुलांची अशी चित्रे काढली की पुढच्या पिढीने त्यांच्यापाशी रंग शिकावा. बोलारमच्या मुलाला मुंबईस पळून जावे लागले, कारण पाहण्यासारखे जे होते ते तेथे होते. जालन्याच्या मुलाला शंभर वर्षांनंतरही तेच करावे लागत आहे.

तेव्हा माझी मागणी थोडक्यात अशी. आपल्या पुढील नियोजन समितीच्या विषयपत्रिकेवर ही बाब यावी; ती नामंजूर झाली तरी चालेल, परंतु ‘संकीर्ण’मध्ये जाऊ नये, आणि नामंजुरीचा शेरा कारणांसह लिहिला जावा. जिल्ह्यातील आठही तालुक्यांत चित्रकलेचे निवृत्त शिक्षक पुष्कळ आहेत. आम्हांस मानधन नको, सतरंजी नको, हारतुरे नकोत. खोली उघडी ठेवणे, मुलांना रांगेने आत नेणे, चित्राला हात लावू न देणे आणि मुख्य म्हणजे चित्रासमोर ती उभी असताना बडबड न करणे, एवढे काम आम्ही आळीपाळीने करू. मोंढ्यातील माझा स्नेही पहिल्या दिवशी येणार आहे, असे त्याने कबूल केले आहे. आपण तारीख कळवावी.

कळावे,
आपला नम्र,
चित्रकलेचा एक निवृत्त शिक्षक, जालना